काकांबरोबर विजापूर

बेळगावच्या मराठी घरांत सुटीला गाडी कुठे वळवायची हे जणू आधीच ठरलेले असते. पावसाळ्यात आंबोली, एरवी गोवा, खरेदीला किंवा लग्नकार्याला कोल्हापूर आणि देवाला जायचे असेल तर जोतिबा नाहीतर सौंदत्ती. विजापूर आमच्या शहापुरातल्या घरापासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर आहे, तरीही आठवीतल्या शाळेच्या सहलीनंतर मी तिथे पाऊल ठेवले नव्हते. त्या सहलीतले मला दोनच प्रसंग आठवतात. एक म्हणजे गोल घुमटात ओरडून ओरडून बसलेला घसा आणि दुसरा म्हणजे बसमध्ये सांडलेला चिवडा. यंदा माझी मुलगी आठवीत आहे. तिला हे शहर नीट पाहायला मिळावे, असे मनात आले आणि जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी पहाटे आम्ही चौघे निघालो. मी, पत्नी, मुलगी आणि माझे थोरले काका.

काकांविषयी थोडे सांगावे लागेल, कारण ही सहल खरे म्हणजे त्यांचीच झाली. मराठी शाळेत त्यांनी तीसेक वर्षे इतिहास शिकवला. पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेला प्रतापगड ते दोन तास रंगवून सांगत आणि खानाने विडा उचलला त्या वाक्याला टेबलावरची पट्टी खरोखरच उचलत. एवढे असूनही त्यांनी विजापूर पाहिलेले नव्हते. विचारले की म्हणत, ‘शत्रूच्या दरबारात आपण होऊन कशाला जायचे?’ हे ते अर्धे थट्टेत म्हणत, अर्धे मात्र मनापासून. या खेपेला नातीने हट्ट धरला म्हणून ते तयार झाले.

गोकाक, मुधोळ, जमखंडी अशी आमची वाट होती. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असल्यामुळे उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागून रांगत जावे लागले आणि चार तासांच्या प्रवासाला साडेपाच तास लागले. पण या रस्त्याला मराठी माणसाने घाई करू नये. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. १६४८ मध्ये जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना आदिलशहासाठी कैद केले ते याच घराण्यातल्या बाजी घोरपड्यांनी आणि पुढे राजांची सुटका व्हावी म्हणून शिवरायांना कोंडाणा सोडून द्यावा लागला. जमखंडी पटवर्धनांची. तिथून पुढे कृष्णा ओलांडताना चिक्कपडसलगीजवळ शेतकऱ्यांनी वर्गणी आणि श्रमदानाच्या बळावर उभारलेला बंधारा आहे. सरकारची वाट न पाहता १९८९ मध्ये पुरे केलेले ते काम पाहायला आम्ही दहा मिनिटे थांबलो. काका मात्र मुधोळपासूनच गप्प झाले होते. ‘म्हणजे ज्यांनी धरून दिले तेही आपलेच,’ एवढे एकच वाक्य ते पुलावर उभे राहून म्हणाले.

दोन्ही गावांची नावे अधिकृतपणे बदलली ती एकाच दिवशी, १ नोव्हेंबर २०१४ रोजी. आमचे बेळगाव त्या दिवशी बेळगावी झाले आणि विजापूर विजयपुर. बोलताना आम्ही अजून जुनीच नावे वापरतो, तिथले टांगेवालेही वापरतात, आणि मीही या लेखात तसेच करणार आहे. चालुक्यांच्या काळी या गावाचे नाव विजयपुरच होते, हे काकांनीच मुलीला सांगितले. रस्त्यावरच्या कन्नड पाट्या आम्हा तिघांपेक्षा मुलगी भराभर वाचते, त्यामुळे गावात शिरल्यावर वाट दाखवण्याचे काम आपसूकच तिच्याकडे गेले.

लॉजविषयी फार लिहिण्यासारखे काही नाही. फोनवर ठरवलेल्या दोन खोल्यांपैकी एकच शिल्लक आहे असे सांगण्यात आले, थोडी वादावादी झाली आणि काकांसाठी व्हरांड्याच्या टोकाची एक लहान खोली निघाली. जेवण मात्र पहिल्याच दिवशी मनासारखे मिळाले. साध्या खानावळीत ज्वारीची कडक आणि मऊ अशा दोन्ही भाकऱ्या, भरल्या वांग्याची एण्णेगाई, शेंगाचटणी, मोडाच्या कडधान्याची उसळ आणि दही. बेळगावात आम्ही हेच खातो, तरी इथल्या भाकरीची चव निराळी लागते. ज्वारीचे खरे आगर हेच, हे घास तोंडात गेला की पटते.

दुपारी गोल घुमटाकडे गेलो आणि चूक कळली. तीन शाळांच्या सहली एकदम आलेल्या होत्या. कुजबुज ऐकण्यासाठी बांधलेल्या सज्ज्यात दोनशे मुले शिट्ट्या मारत असतील तर काय ऐकू येणार? आम्ही चौथरा तेवढा पाहून बाहेर आलो आणि उद्या दार उघडताच यायचे असे ठरवून टांगा केला.

टांगेवाला साठीच्या पुढचा होता आणि दख्खनी बोलत होता. ‘अब्बी बारा कमान नक्को, धूपमें क्या दिखता, शामकूच चलेंगे,’ असे तो म्हणाला तेव्हा काका माझ्याकडे वळून हसले. त्या एका वाक्यात आपला ‘नको’ आहे आणि शब्दाला जोर देणारा आपला ‘च’ही आहे. दख्खनीने हे दोन्ही मराठीतून उचलले आणि आता तिला ते उसने आहेत हेही आठवत नाही. दिल्ली-लखनौच्या उर्दूत ‘नक्को’ म्हणून पाहा, लोक हसतील. विजापुरात कोणी हसत नाही.

इब्राहिम रोजा हे मला या शहरातले सर्वांत सुंदर ठिकाण वाटले आणि माझ्या मते बेळगावहून एवढ्या एका वास्तूसाठी यावे. एका प्रशस्त चौथऱ्यावर मशीद आणि कबरीची इमारत समोरासमोर उभी, मध्ये हौद, आणि दोन्हींवर कळीसारख्या पाकळ्यांतून उमललेले घुमट. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५८० ते १६२७) ही इमारत राणी ताज सुलताना हिच्यासाठी काढली, पण शेवटी तोही इथेच विसावला. गोल घुमट अंगावर येतो, रोजा माणसाला जवळ बोलावतो. दगडी जाळ्या अशा की अक्षरांच्या मधली जागा कोरून काढलेली, आणि त्या अक्षरांतूनच आत उजेड येतो. मशिदीच्या छज्जाला लोंबणारी साखळी एकाच दगडातून कोरलेली आहे, हे मुलीला पटेना. कड्या सुट्या असून जोड कुठेच दिसत नाही, हे तिने मान दुखेपर्यंत तपासले. आग्र्याच्या ताजमहालाला ही कल्पना इथूनच मिळाली, असे तिथला प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. त्यात किती तथ्य आहे ते शहाजहानच जाणे, पण रोजाला मोठेपण मिळायला ताजमहालाच्या टेकूची गरज नाही.

हा इब्राहिम आपल्या लोकांना ठाऊक असायला हवा आणि नाही, ही माझी तक्रार आहे. मराठी माणसाचे आदिलशहा दोनच, एक शहाजीराजांना कैदेत टाकणारा महंमद आणि दुसरा त्याच्या गादीवर आलेला अली. त्यांच्या आधीचा हा राजा सतार-तंबोऱ्यात रमणारा होता. त्याने दख्खनीत रचलेल्या पदांच्या ‘किताब-ए-नौरस’ या संग्रहात सरस्वती आणि गणपतीची स्तुती आहे. आपल्या लाडक्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव ठेवले होते आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणत. १५९९ मध्ये त्याने शहराच्या पश्चिमेला तोरवीजवळ नौरसपूर नावाचे नवे नगर वसवायला घेतले, ते १६२४ मध्ये मलिक अंबरने लुटले आणि मोडले. अकबराचा वकील असद बेग त्याच्या दरबारात आला होता. राजाला फारसी समजते, पण ती तो अडखळत बोलतो, मराठी मात्र सफाईने बोलतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. हाच असद बेग १६०४ च्या सुमारास विजापुरातून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम अकबरासाठी घेऊन गेला. निपाणीच्या तंबाखूवर तीन पिढ्या जगलेल्या आमच्या मामाच्या घरात ही गोष्ट मी फोन करून लगेच सांगितली. तिकडून उत्तर आले, ‘मग त्यात नवल काय?’

काकांना हे वाचून माहीत होते, पण त्यांनी वर्गात ते कधी सांगितले नव्हते. हौदाच्या काठावर बसून ते मुलीला म्हणाले, की याच्याही आजोबांच्या वेळी, म्हणजे १५३४ ते १५५८ या काळात राज्य केलेल्या पहिल्या इब्राहिमाने, महसुलाच्या हिशेबांतून फारसी काढून देशी भाषा आणली आणि ब्राह्मण कारकून नेमले. ती भाषा आपल्या इकडच्या मुलुखापुरती मराठीच, हे आपल्या इतिहासकारांचे म्हणणे. वतनाच्या कागदांवर वर फारसी आणि खाली मोडी मराठी, असे जोडमजकूर आदिलशाहीतले कितीतरी मिळतात. बेळगावच्या किल्ल्यातली साफा मशीद ज्याने बांधली तो असदखान लारी विजापूरचाच सरदार. म्हणजे आम्ही ज्याला शत्रूचा दरबार म्हणत होतो, त्याच दरबारच्या दप्तरात आमच्या गावच्या कुळकर्ण्यांची अक्षरे पडलेली आहेत. ‘हे शिकवायला कोणी मनाई केली नव्हती,’ काका म्हणाले, ‘पण तास संपायचा आणि प्रतापगड राहून जायचा.’

मुलूखमैदान तोफेला आम्ही उन्हे कलताना पोहोचलो. एखादा वक्ता गडगडाटी बोलू लागला की आपण त्याला मुलूखमैदान तोफ म्हणतो, पण ती तोफ कुठे आहे हे विचारले तर दहापैकी नऊ जण गप्प बसतील. शेरझा बुरुजावर ती पडून आहे. सुमारे पंचावन्न टन वजनाची, साडेचार मीटरला किंचित कमी लांबीची, आणि तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंह. मुळात ती विजापूरची नाहीच, १५४९ मध्ये अहमदनगरात महंमद बिन हसन रूमी याने ती ओतली आणि परांड्याच्या किल्ल्यातून १६३२ मध्ये ती इथे आणली. तिला ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असे सांगतात. इंग्रजांच्या अमलात, १८५४ मध्ये, ती लिलावात दीडशे रुपयांना गेली होती. पुढे कोणाला तरी उपरती झाली आणि सौदा मोडला. मुलीने तिच्या अंगावर बोटाने टिचकी मारली तर घंटेसारखा बारीक नाद आला, आणि दिवसभर उन्हात तापूनही धातू हाताला गार लागत होता.

जवळच हैदरखानाने १५८४ मध्ये बांधलेला उपळी बुरूज आहे. बाहेरून वळत जाणारा जिना चढून वर गेलो, तिथल्या लांब तोफा पाहिल्या आणि सूर्यास्ताच्या घाईने बारा कमानीकडे निघालो.

दुसऱ्या अली आदिलशहाची ही अपुरी कबर. काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी, वर छत नाही, आणि मागे केशरी झालेले आकाश. टांगेवाल्याने चोख गोष्ट सांगितली, की या इमारतीची सावली गोल घुमटावर पडली असती म्हणून बापाने मुलाचे बांधकाम थांबवले. काकांमधला मास्तर लगेच जागा झाला. बाप महंमद १६५६ मध्ये वारला, मुलगा त्याच साली गादीवर आला आणि १६७२ पर्यंत जगला, मग थांबवले कोणी? टांगेवाला जराही न डगमगता म्हणाला, ‘साहब, कहानी है.’ खरे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. अलीच्या सोळा वर्षांत एका बाजूने मुघल आणि दुसऱ्या बाजूने शिवराय त्याच्या राज्याचे लचके तोडत होते. खजिन्याला दगड वाहण्याची उसंतच कुठे होती? काका कमानींकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘ही अपुरी राहण्यात आपलाही थोडा हात आहे.’ त्या वाक्यात अभिमान किती आणि संकोच किती, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

रविवारी दार उघडताच गोल घुमटात शिरलो. आत आमच्याखेरीज पारवे आणि एक झाडूवाली बाई. या वास्तूचे नवल तिच्या आकारापेक्षा तिच्या भूमितीत आहे, आणि ते मुलीच्या वहीमुळे मला पहिल्यांदा समजले. खाली चौकोनी दालन आहे, वर बाहेरून ४४ मीटर व्यासाचा गोल घुमट आहे आणि मध्ये एकही खांब नाही. चौकोनावर गोल बसवायचा कसा? तिने कागदावर एक चौकोन काढला, त्यावर दुसरा चौकोन तिरका ठेवला, आणि दोन्हींच्या बाजू जिथे एकमेकींना छेदतात तिथे आठ टोके मिळाली. भिंतींवरून उठणाऱ्या कमानी एकमेकींत अशाच गुंफलेल्या आहेत. त्या जसजशा वर जातात तसतशा आतल्या बाजूला झुकतात आणि चौकोनाला हळूहळू वर्तुळ करून सोडतात. घुमटाचे वजन भिंतींना बाहेर रेटू पाहते, तर आत झुकलेल्या या दगडांचा भार त्यांना आत खेचतो. दोघांची झुंज बरोबरीत सुटते आणि इमारत साडेतीनशेहून अधिक वर्षे उभी राहते. खाली लाकडी मखरात महंमद आदिलशहा, त्याच्या दोन बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची त्याची आवडती नर्तकी यांच्या कबरी आहेत. शहाजीराजांना कैदेत ठेवणारा तो हाच. काकांनी चप्पल आधीच काढलेली होती, तिथे त्यांनी टोपीही काढली.

कोपऱ्यातल्या मनोऱ्यातला जिना सात मजले चढतो, पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. काकांचे गुडघे पाहता मी नको म्हणत होतो, पण प्रत्येक मजल्याच्या खिडकीशी टेकत ते वर आले. गच्चीवरून सारे शहर एका नजरेत येते. मग घुमटाच्या भिंतीतल्या दारातून आतल्या गोल सज्ज्यात शिरायचे. आम्ही काकांना एका बाजूला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि मुलगी थेट समोर जाऊन बसली, मध्ये जवळजवळ अडतीस मीटरची पोकळी. काय बोलायचे हे ठरले नव्हते. क्षणभर शांतता होती आणि मग भिंतीतून काकांचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा. ते वर्गातली हजेरी घेत होते. माझ्या मुलीचे नाव, मग माझे, मग माझ्या वडिलांचे, जे आता नाहीत. मुलगी हळूच ‘हजर’ म्हणाली आणि तो शब्द घुमटात फिरून सात-आठ वेळा परत आला. अरबी-फारसीतला तो शब्द अशाच कुठल्या तरी दरबारातून चालत आपल्या शाळांपर्यंत पोहोचला असणार, हे मला मागाहून सुचले. त्या क्षणी मी फक्त ऐकत होतो.

जामा मशीद, गगन महाल आणि ताज बावडी यांना आम्ही उरलेल्या सकाळीत धावती भेट दिली. गगन महालाच्या मोठ्या कमानीखाली उभे राहिल्यावर एवढेच मनात येते, की सप्टेंबर १६८६ मध्ये शेवटचा सिकंदर आदिलशहा औरंगजेबापुढे शरण आला तो इथेच, असे सांगतात. असर महालात स्त्रियांना आत सोडत नाहीत, म्हणून आम्हीही बाहेरूनच त्याचे उंच सागवानी खांब पाहिले. पत्नीला एकटीला बाहेर ठेवून आत जाण्यात काही अर्थ नव्हता.

परतीला निघण्यापूर्वी काकांनी एक जागा मागून घेतली. शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध, साठ कबर नावाचे ठिकाण आहे. शिवरायांवर निघताना आपण परत येणार नाही असे ज्योतिष्याने सांगितले, म्हणून अफझलखानाने आपल्या बायकांना मारून इथे पुरले, अशी त्यामागची दंतकथा. खान १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली पडला आणि तिथेच पुरला गेला. विजापुरात त्याने स्वतःसाठी बांधून ठेवलेली कबर रिकामीच राहिली. इथे मात्र दगडी चौथऱ्यावर एकसारख्या कबरींच्या ओळीच्या ओळी आहेत. पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा असतो आणि बाईच्या कबरीचा माथा सपाट. या साऱ्या सपाट माथ्याच्या आहेत.

कथा खरी की खोटी, याचा वाद काकांनी घातला नाही. सावलीच्या गोष्टीत साल तपासणारा माणूस इथे नुसता ओळींमधून चालत राहिला. तीस वर्षे खानाचा विडा उचलून दाखवणाऱ्या त्या हातात आता काठी होती, आणि तिचे टोक एकाही दगडाला लागणार नाही याची ते काळजी घेत होते. मुलगी दुसऱ्या टोकाकडून मोजत आली. मध्यावर दोघे भेटले तेव्हा त्यांचे आकडे जुळेनात. त्यांनी पुन्हा मोजले, तरीही जुळले नाहीत. पत्नीने गाडीतून हाक मारली, जमखंडीच्या रस्त्याला अंधारात उसाच्या ट्रॉल्या दिसत नाहीत हे मीही सांगून पाहिले. काकांनी हात वर करून आम्हाला थांबवले, आणि या वेळी नातीला बरोबर घेऊन पहिल्या ओळीपासून मोजायला सुरुवात केली.